येते म्हणावं

१

चित्रकलेची खोली बंद करायला मला बरोबर अकरा मिनिटं लागतात. ब्रश धुऊन बरणीत उभे करायचे, केस वर. रंगांच्या वाट्या पालथ्या घालायच्या. नळ पिळून बंद करायचा, कारण नुसता फिरवला तर तो ऐकत नाही. तीन खिडक्यांच्या कड्या, पंखा, दिवा. मग दारात उभं राहून खोलीवर एक नजर टाकायची आणि म्हणायचं, "चला, येते."

रिकाम्या खोलीचा निरोप घेणारी बाई म्हणून शिपाईमामा मला हसतात. हसू देत. निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे सगळ्यांनाच लहानपणी शिकवलेलं असतं, पण आमच्या घरात तो नुसता नियम नाही, कायदा आहे. कायदा माझ्या वहिनीचा. मी भाजीवाल्याला येते म्हणते, बँकेतल्या खिडकीला येते म्हणते, आणि दातांच्या डॉक्टरलासुद्धा म्हणते, जरी तिथं परत पाऊल टाकायची माझी तिळमात्र इच्छा नसते. समोरचाही 'या' म्हणतो. पद्धत आहे. म्हणणारा काही मनापासून बोलावत नसतो आणि ऐकणारा काही लगेच येऊन बसत नसतो.

कायद्यामागे माझा दादा आहे. तो महाखोडकर होता. चहात तीन चमचे साखर घालायचा आणि ढवळायचा नाही, कारण शेवटी तळाची साखर बोटानं चाटून खाता येते. वहिनीला चिडवायला रोज दारातून ओरडायचा, "जातो गं." वहिनी आतून दटावायची, "येतो म्हणावं." मग स्वारी "येतो, येतो" करत जिना उतरायची. एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी वहिनी न्हाणीघरात होती आणि नळ सुरू होता. दादाचं "जातो गं" तिला ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी पेपर वाचत होते, आणि टोकायचं काम काही माझं नव्हतं. त्या दिवशी दादा ऑफिसच्या जिन्यात दम खायला बसला तो उठलाच नाही.

एका शब्दानं कुणी मरत नाही, हे मला कळतं. मी शिकलेली बाई आहे. पण तेव्हापासून आम्ही दोघीच आहोत, आणि रोज संध्याकाळी साडेसहाला वहिनी दारात येऊन उभी राहते. सात वाजले की तिचा चेहरा उतरतो. तिला पुन्हा एकदा कुणाची तरी वाट बघत ठेवायचं नाही, एवढं एकच पथ्य मी पाळते. बाकी माझं काहीही चालतं.

२

या वर्षी सातवीला मी शहर करायला सांगितलं. पुठ्ठ्याचं, सगळ्यांनी मिळून एकच. मुलं अडतीस, म्हणून घरं अडतीस. आठ बाकं जोडून त्यावर फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे अंथरले, त्यावर रस्ते आखले आणि कामाला लागलो. बुटांची खोकी, औषधांची खोकी, टूथपेस्टची लांबुळकी खोकी. आठवड्याभरात खोलीला खळीचा असा वास लागला की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दारातूनच नाक धरून चौकशी करून जाऊ लागल्या.

शहर करताना पहिलं भांडण मापाचं असतं. माप ठरलं नाही तर एकाच्या दारातून दुसऱ्याचं अख्खं घर आत जातं. म्हणून मी सांगितलं, "आधी माणूस ठरवा. माणूस केवढा ते कळलं की दार, खिडकी, पलंग सगळं आपोआप कळतं."

"माणूस एक पेर उंच," वर्गातला सर्वांत बोलका मुलगा म्हणाला. तो पहिल्याच दिवशी स्वतःहून नगराध्यक्ष झाला होता आणि त्याला पाडायला कुणाला सवड नव्हती.

"कुणाचं पेर?" लगेच कुणीतरी विचारलं. अर्धा तास सगळ्यांनी एकमेकांची बोटं मोजली. मग डिंकीनं निकाल लावला. डिंकी म्हणजे जिच्या कोपरापर्यंत कायम डिंक असतो ती. ती म्हणाली, "बाईंच्या करंगळीचं घ्या. म्हणजे कुणी बाईंशी भांडणार नाही."

मग पट्टी आणली, माझ्या करंगळीचं वरचं पेर मोजलं, आणि त्या मापाचा एक पुठ्ठ्याचा माणूस कापून फळ्याखाली ठेवला. ज्याला शंका येईल त्यानं तो उचलायचा, आपल्या दारात उभा करून बघायचा आणि परत ठेवायचा. थोडक्यात, त्या शहरातली सगळी दारं माझ्या मापाची होती. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

दुसरं भांडण नावाचं. शहराला नाव ठेवायला बसलो आणि तासाभरानं एकमेकांना नावं ठेवून उठलो. पाटी तयार होती, ती कोरीच लावली.

३

काम सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. मुलं गेली होती. मी ब्रश धुतले, वाट्या पालथ्या घातल्या, नळ पिळला. दारात उभी राहिले. खिडकीतून येणारं उन्ह छपरांवर पडलं होतं आणि शहर फार छान दिसत होतं. मी लाडानं म्हटलं, "चला, येते."

"या," कुणीतरी म्हणालं.

आवाज मोठा नव्हता. घरातलं माणूस पाहुण्याला दारापर्यंत पोचवून म्हणतं ना, तसा साधा आवाज. मी कुलूप लावलं, चार पावलं चालले आणि मग थांबले.

कोण म्हणालं ते मी रीतसर तपासलं. बाहेर कुणी नव्हतं. शेजारच्या प्रयोगशाळेला कुलूप होतं. शिपाईमामा खाली अंगण झाडत होते आणि त्यांचा आवाज घोगरा आहे. नगराध्यक्ष नकला उत्तम करतो, तेव्हा तो बाकाखाली दडून बसला असणार असं ठरवून मी परत कुलूप उघडलं आणि वाकून सगळी बाकं बघितली. खाली फक्त कात्रणं होती. उठताना माझी कंबर मात्र धरली.

"नळाचा आवाज," मी स्वतःला सांगितलं. आमचा नळ वाटेल ते आवाज काढतो. मी साडेसहाच्या आत घरी पोचले आणि वहिनीला हे काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी 'येते' म्हटलं आणि कान देऊन उभी राहिले. "या." तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मी ओठ गच्च मिटून कुलूप लावायला लागले, पण सवय वाईट असते. किल्ली फिरवता फिरवता तोंडातून निघालंच, आणि दाराच्या आतून तेवढ्याच अगत्यानं उत्तर आलं.

४

"बाई, तुमचं घर मस्त झालंय," डिंकी म्हणाली.

"कुठलं घर?"

तिनं मला हाताला धरून नेलं. माझ्या हाताला ती चिकटली ती वेगळीच. शहराच्या कडेला, जिथं बाग करायची म्हणून जागा सोडली होती, तिथं एक लहानसं घर उभं होतं. एक दार, एक खिडकी, उतरतं छप्पर. मी घरं मोजली. एकोणचाळीस भरली. पोरं तळाशी पेन्सिलीनं आपापला हजेरी क्रमांक घालतात, नाहीतर रोज मारामाऱ्या होतात, म्हणून मी ते घर उलटं करून बघायला गेले. ते उचलेना. चिकटवलं होतं म्हणावं तर कडेला खळ दिसत नव्हती.

मला खरं खटकलं ते वेगळंच. पुठ्ठा कापला की कापलेल्या कडेला आतला नागमोडी थर दिसतो. कितीही सफाईनं कापा, दिसतोच. एकतीस वर्षं मी पुठ्ठा कापते आहे. या घराला कापलेली कडच नव्हती. भिंती कोपऱ्यावर वळल्या होत्या, पण घडीची रेघ नव्हती. दार उघडं होतं आणि ते कापून उघडलेलं नव्हतं.

"कुणी केलं हे?" मी वर्गाला विचारलं.

"बाई, तुम्हीच," नगराध्यक्ष म्हणाला. "आम्हाला सरप्राईज म्हणून. आम्ही ओळखलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अडतीस मुलं टाळ्या वाजवत असताना 'मी नाही केलं' असं म्हणणं कठीण असतं. माझ्यावर शिक्का बसला. त्या दिवसापासून ते बाईंचं घर.

मी चष्मा लावून दाराशी वाकले. उंबऱ्याबाहेर चपलांचा एक जोड होता, तांदळाच्या दाण्याएवढा. पट्टे लाल होते. डाव्या चपलेचा पट्टा निळ्या दोऱ्यानं शिवलेला होता.

माझ्या घरात घालायच्या चपला लाल पट्ट्याच्या आहेत. डावीचा पट्टा मी स्वतः निळ्या दोऱ्यानं शिवला आहे, कारण त्या दिवशी लाल दोरा सापडला नाही. आणि सकाळपासून त्या चपला मिळत नव्हत्या.

५

"तू कुठंही काढून ठेवतेस आणि मग मला विचारतेस," वहिनी म्हणाली.

"वहिनी, घरातल्या चपला घराबाहेर कशा जातील?"

"पाय असतात ना त्यांच्यात. बघ, शाळेत घालून गेली असशील. परवा तू चष्मा शोधत होतीस तेव्हा तो कुठं होता?"

चष्मा माझ्या डोक्यावर होता, त्यामुळे मी तो विषय वाढवला नाही.

दोन दिवसांनी माझा कान तुटलेला कप नाहीसा झाला. आम्ही फडताळ उपसलं. मग कोपऱ्यातलं लंगडं स्टूल गेलं, ज्याच्या एका पायाखाली मी कागदाची घडी सरकवलेली असते. कप हरवतो, पण स्टूल कसं हरवेल? वहिनीनं भंगारवाल्यावर संशय घेतला आणि मी भंगारवाल्याची बाजू घेतली, म्हणून थोडा वेळ आमचं वाजलंही. तिला राग आला की ती मला वन्सं म्हणते. "वन्सं, तुमचंच खरं," म्हणाली आणि माझ्या ताटात दुप्पट भात वाढला.

शाळेत मी बारीक टॉर्च नेला. दुपारच्या सुट्टीत, मुलं मैदानावर असताना, त्या घराच्या खिडकीला डोळा लावला. आत एक खोली होती. स्टूल होतं, आणि एका पायाखाली कागदाची घडी होती. स्टुलावर कप होता, कान तुटलेला. कपातून वाफ येत होती.

मी टॉर्च बंद केला. बाहेर पोरांचा आरडाओरडा चालला होता, कुणीतरी आऊट होऊनही जागा सोडत नव्हतं. मी बाकावर बसून शहाण्या बाईसारखा विचार केला. धूळ असेल, टॉर्चच्या उजेडात धूळ वाफेसारखी दिसते. मुलं हुशार आहेत, माझ्याकडे कधीतरी घरी आली असतील, त्यांनी कप पाहिला असेल. घरचा कप फुटला असेल आणि वहिनी सांगत नसेल. एकेक कारण चांगलं होतं. फक्त ती सगळी एकत्र उभी राहत नव्हती, आमच्या स्टुलासारखी.

मग मी ते घर पट्टीनं उचकटून काढायला गेले. पट्टी कडेखाली घातली आणि दाबली. आतून स्टूल सरकवल्याचा आवाज आला, कुणीतरी उठून उभं राहताना होतो तसा. मी पट्टी सोडून दिली.

तेव्हा मला सगळा हिशेब कळला. मी रोज येते म्हणत होते. तिकडे कुणीतरी ते खरं धरलं होतं. बाई येणार म्हणून घर लावायला घेतलं होतं, एकेक वस्तू नेऊन, माझ्या मापाच्या दारातून. सगळं लागलं की मग मी. आणि साडेसहाला वहिनी दारात उभी राहील, सात वाजतील, आठ वाजतील. मी भ्याले ते याला. पुठ्ठ्याच्या घराला मी भ्याले असते की नाही कोण जाणे, पण त्या दाराला भ्याले.

६

उपाय सोपा होता. एका शब्दाचा.

त्या संध्याकाळी मी अकरा मिनिटांचं काम वीस मिनिटं केलं. कोरडे ब्रश पुन्हा धुतले. मग दारात उभी राहिले आणि शब्द काही तोंडातून निघेना. तसा तो आपण दिवसभर वापरतो, लाईट जाते, गाडी जाते, शाईचा डाग जाता जात नाही. पण दारात उभं राहून म्हणायची माझ्या जिभेला सवयच नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वीचा पेपर हातात असल्यासारखं वाटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी मान्य करते.

"जाते," मी म्हटलं.

खोलीत काही हललं नाही. उत्तर आलं नाही. नळसुद्धा गप्प होता.

घरी पोचले तर माझ्या चपला दारात. "बघ, कॉटखालीच होत्या," वहिनी म्हणाली, आणि तिनं स्वतः कॉटखाली तीनदा झाडलं होतं हे आम्ही दोघी सोयीस्करपणे विसरलो. स्टूल कोपऱ्यात होतं. कप मोरीत होता, कुणीतरी चहा पिऊन ठेवलेला. तळाशी न विरघळलेली साखर होती. वहिनीला साखर वर्ज्य आहे आणि मी तिच्या सोबतीनं सोडलेली आहे.

मी तो कप दोनदा धुतला आणि जाग्यावर ठेवला.

पुढचे तीन आठवडे मी रोज शहराला 'जाते' म्हणून निघाले, आणि घराच्या कोपऱ्यावर आल्यावर प्रायश्चित्त म्हणून भाजीवाल्याला दोनदा 'येते' म्हटलं. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. पण मी खूश होते. शहरात दिव्याचे खांब लागले, नगराध्यक्षानं स्वतःचाच पुतळा उभारला आणि पोरांनी तो दुपारच्या सुट्टीत बागेतून उचलून उकिरड्यावर नेऊन ठेवला. बाईंचं घर रिकामं होतं. दार मात्र उघडंच राहिलं.

७

प्रदर्शनाला सगळे पालक आले. वहिनी आली, ठेवणीतली पर्स घेऊन. डिंकीनं तिचा ताबा घेतला आणि रस्त्यारस्त्यानं शहर दाखवलं.

"आणि हे आमच्या बाईंचं घर."

"हिचं? एवढंसं?" वहिनी म्हणाली. "हिची एक पुस्तकांची पेटी मावायची नाही त्यात."

ती हसत हसत वाकली आणि खिडकीतून आत बघू लागली. तिचा चष्मा जाड आहे, तिला वेळ लागतो. पण हा वेळ फार झाला. डिंकी दुसऱ्या पाहुण्यांकडे निघून गेली. मी पुढं झाले.

"काय दिसतं, वहिनी?"

"काही नाही. अंधार आहे." ती सरळ झाली. चष्मा काढून पुसला, परत लावला. मग तिनं दोन्ही हातांनी केस सारखे केले. आरशासमोर उभं राहून केस सारखे करताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि इथं तर आरसाही नव्हता.

ती घराकडे तोंड करून म्हणाली, "बरं, येते हं."

माझ्या लक्षात यायला उशीर झाला. मी स्वतःची जीभ तीन आठवडे बांधून ठेवली होती. पण जिनं मला तो शब्द शिकवला तिची जीभ कोण बांधणार?

"ये," आतून उत्तर आलं.

'या' नव्हे. 'ये.'

वहिनीला माहेरचं कुणी उरलेलं नाही. शेजारीपाजारी, मी, सगळे तिला अहोजाहो करतो. तिला 'ये' म्हणणारं एकच माणूस या जगात होतं.

८

"वहिनी, माझं एक ऐका," मी जिन्यातच म्हटलं. "परत वर चला आणि फक्त एकदा 'जाते' म्हणा. मी रोज म्हणते. काही होत नाही."

"तू म्हणतेस?" ती पायरीवर थांबली. रागावली नाही. कठडा धरून खाली उतरायला लागली.

घरी मी तिला सगळं सांगितलं. चपला, कप, स्टूल, साखर. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं झाल्यावर म्हणाली, "साखर ढवळलेली नव्हती?"

"वहिनी, तो दादा नाही. त्याचा आवाज तुमच्यासाठी काढलाय कुणीतरी. दादा असता तर मला 'या' म्हणाला असता का? मला जन्मात कधी त्यानं 'या' म्हटलंय?"

तिनं यावर नीट विचार केला. "एकोणीस वर्षांत तू केवढी फुगलीस," ती म्हणाली. "ओळखलं नसेल."

मला हसू आलं. परिस्थिती हसण्यासारखी नव्हती, पण आलं, आणि तीही हसायला लागली. दोघी पोट धरून हसलो. मग मी रडले.

"त्या दिवशी तो 'जातो' म्हणाला ते मी ऐकलं होतं, वहिनी. मी टोकलं नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "नळ काही एवढा मोठा नव्हता. मलाही ऐकू आलं होतं. मी म्हटलं, रोजचंच आहे, आज नाही टोकलं तर काय होतंय."

एकोणीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो आणि ही एवढीशी गोष्ट एकमेकींपासून लपवली. ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा फडताळावर, कपाटावर, टेबलावर हात फिरवून चाचपत होती.

"माझा चष्मा कुठं ठेवलास गं?"

मी तिच्या डोक्याकडे पाहिलं. डोक्यावर नव्हता.

"वहिनी, उद्या सकाळी चला. एक शब्द."

"तो शब्द मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "एकदा न टोकण्याची चूक केली. आता 'ये' म्हटल्यावर 'जाते' म्हणू? एवढी का मी वाईट आहे?"

९

प्रदर्शन संपलं तरी शहर मोडलं नाही. मोठ्या बाईंना ते फार आवडलं. वर्षभर राहू दे म्हणाल्या.

मी संध्याकाळी एकटीच वर गेले. टॉर्च लागला नाही, कारण त्या घराच्या खिडकीत आज आपला आपला उजेड होता. मी वाकले. स्टुलावर वहिनीचा चष्मा होता, मोहरीएवढ्या दोन काचांचा. तो कुणीतरी उचलला. मला हात दिसला, मनगटापर्यंत, बस. तो हात शर्टाच्या टोकानं काच पुसत होता. पुसून झाल्यावर चष्मा नीट घडी घालून परत ठेवला आणि हात उजेडातून बाजूला गेला.

दादा काचा शर्टानंच पुसायचा. पण जगातले निम्मे लोक काचा शर्टानंच पुसतात.

मी खूप वेळ उभी राहिले. 'जाते' म्हणायचं आणि निघायचं, जिभेला आता सवय झाली होती. वहिनी एक दिवस त्या दारातून आत जाईल, आणि साडेसहाला मी घरी पोचेन तेव्हा दारात कुणी नसेल. मग उरलेलं आयुष्य मी दारात उभी राहीन. तो दादा असेल तर ती सुखात असेल. नसेल तर ती तिथं एकटी असेल, परक्याच्या घरात.

सहा वाजून गेले होते. मी नळ पिळला, कड्या लावल्या, दारात आले.

"आम्ही दोघी येतो," मी म्हटलं.

आता आमच्या घरात फारसं काही उरलेलं नाही. कपाट काल गेलं, पलंग परवा. वहिनी म्हणते झाडायला किती सोपं झालं. शहरातल्या त्या घराला एक खोली वाढली आहे आणि डिंकीनं त्याबद्दल माझं अभिनंदन केलं. वहिनीनं शेजारणीला सांगून ठेवलंय, येतो आम्ही म्हणून, आणि शेजारीण या म्हणाली. ही वही आहे, हे पेन आहे आणि दोन खुर्च्या आहेत. समोरच्या खुर्चीत वहिनी बसली आहे आणि साडेसहाला दारात उभं राहायचं तिनं सोडून दिलंय. मी घरातच असते.

त्या संध्याकाळी मला उत्तर मिळालं. लगेच मिळालं, अगत्यानं.

"या."

तेवढ्यावरून काही कळत नाही. दोघींना बोलवायचं तर भाऊही 'या' म्हणतो, आणि परकाही.